कंपनीचा 'करिअर इनसाइट प्रोग्राम' करावा का? बडोद्यातला माझा अनुभव

सर्टिफिकेट फाइलमध्ये लावून सात-आठ महिने झाले, म्हणून आता लिहायला बसले. प्रोग्राम संपल्या संपल्या लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. तेव्हा गळ्यात कंपनीचं आयकार्ड होतं, जेवण चांगलं होतं आणि सगळे आमच्याशी भलतंच गोड बोलत होते. आज तीन देते. त्यातले बहुतेक गुण एकाच दुपारचे आहेत.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ही इंटर्नशिप नव्हे. स्टायपेंड नाही, हातात काम देत नाहीत. आठवडाभर वेगवेगळे विभाग दाखवतात, मोठे साहेब येऊन बोलतात, ग्रुपमध्ये एक केस स्टडी करायला देतात, शेवटच्या दिवशी प्रेझेंटेशन आणि ग्रुप फोटो. कंपनीला यातून कॉलेजात नाव मिळतं आणि पुढच्या भरतीसाठी मुलांची यादी हाताशी येते. फुकट असेल तोवर त्यात वावगं काही नाही. फी घेऊन हेच विकणारेही आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

मी तेव्हा एम. एस. युनिव्हर्सिटीत टी. वाय. बी.कॉम.ला होते. कंपनी इंजिनिअरिंगमधली, मंजुसरच्या बाजूची. पुढे थोडी तक्रार करणार आहे म्हणून नाव लिहीत नाही. आमच्या घरात नोकरीचं चित्र आजोबांच्या काळातच पक्कं झालेलं: १९०८ सालची बँक ऑफ बडोदा, नाहीतर साठच्या दशकात उभी राहिलेली कोयलीची रिफायनरी आणि जीएसएफसीचा खत कारखाना. प्रायव्हेट कंपनीत माणूस सकाळी नऊपासून नेमकं करतो काय, हे सांगणारं दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात कुणी नव्हतं. काका आहेत, पण त्यांचं मकरपुरा जीआयडीसीत स्वतःचं लेथचं वर्कशॉप. कंपन्यांना माल देतात. त्यांची धाव गेट आणि स्टोअर्सपर्यंत.

सुरुवातीच्या दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कंपनीचा इतिहास, सेफ्टीची फिल्म, रेझ्युमे कसा लिहावा, लिंक्डइनवर फोटो कसा असावा. एक पॅनल डिस्कशन झालं, त्यात चार वरिष्ठांनी आपापल्या परीने 'आवडीचं काम करा' एवढंच सांगितलं. चौघांपैकी एकाने जरी सुरुवातीला पगार किती होता ते सांगितलं असतं तर मी टाळ्या मनापासून वाजवल्या असत्या. शॉप फ्लोअर मात्र बघण्यासारखा होता, पण पिवळ्या पट्ट्याच्या आत राहायचं आणि मशीन चालू असताना प्रश्न विचारायचे नाहीत, म्हणून बी.कॉम.च्या पोरांना त्यातलं किती कळणार!

मग 'जॉब शॅडोइंग' नावाची दुपार आली. सगळ्यांना मार्केटिंग आणि एचआर हवं होतं. माझ्या वाट्याला अकाउंट्स पेयेबल आलं, म्हणजे व्हेंडरची, माल पुरवणाऱ्यांची, बिलं पास करणारा विभाग. तिथल्या बेनने खुर्ची ओढून दिली आणि 'बेसो, जोया करो' म्हणून स्वतःच्या कामाला लागल्या. पहिलंच बिल अडकलेलं निघालं. परचेस ऑर्डर २०० फ्लँजची, व्हेंडरचं बिल २०० चं, पण स्टोअर्सच्या जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीवर, स्वीकारलेला माल १९२. आठ नग क्वालिटीवाल्यांनी नाकारले होते. ऑर्डर, जीआरएन आणि बिल हे तिन्ही जुळल्याशिवाय सॅप सॉफ्टवेअरमध्ये पेमेंट सुटतच नाही. बेनने आधी क्वालिटीला फोन लावला, मग आठ नगांचे पैसे बिलातून वजा करणारी डेबिट नोट काढली, व्हेंडरला मेल टाकला आणि पुढचं बिल उघडलं. त्या बिलाचा जीएसटी पोर्टलवर टूबीमध्ये, म्हणजे व्हेंडरांच्या रिटर्नवरून तयार होणाऱ्या यादीत, दिसत नव्हता. व्हेंडरने आपलं रिटर्न वेळेवर भरलेलं नसलं की त्याचं बिल दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या त्या यादीत येत नाही आणि कंपनीला त्या टॅक्सचं क्रेडिट घेता येत नाही. तेही बाजूला ठेवलं.

मी बघतच राहिले. 'कंपनी पैसे दाबून ठेवते' हे वाक्य घरी जेवताना मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या स्क्रीनवर पैसे दाबणारं कुणी दिसत नव्हतं. एक आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता आणि तो जुळवायला समोरच्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. सगळ्याच कंपन्या अशा साळसूद असतात असं माझं म्हणणं नाही. काकांचे काही अनुभव खरोखर वाईट आहेत.

त्याच स्क्रीनवर काही व्हेंडरच्या नावापुढे 'एमएसएमई' अशी खूण होती आणि त्यांची बिलं आधी निघत होती. विचारलं तेव्हा कळलं: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. हा नियम २००६ च्या कायद्यातला, जुनाच. पण १ एप्रिल २०२४ पासून आयकरातलं ४३बी(एच) कलम लागू झालं आणि मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येईना. पैसे चुकते होतील त्या वर्षीच धरायचा. तेव्हापासून फायनान्सवाल्यांनी मार्चच्या आत ही यादी मनावर घ्यायला सुरुवात केली. मात्र ही खूण आपोआप लागत नाही. व्हेंडरने उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेल्या नोंदणीचं, सर्टिफिकेट कंपनीकडे दिलेलं असावं लागतं.

काकांची नोंदणी होती, सर्टिफिकेट लॅमिनेट करून वर्कशॉपमध्ये गणपतीच्या फोटोशेजारी लावलेलं होतं, पण कंपन्यांना पाठवलेलं नव्हतं. त्याच रविवारी बसून सगळ्यांना मेल केले. दोन ठिकाणी लगेच फरक पडला, एका ठिकाणी अजून 'प्रोसेसमध्ये' आहे. काका म्हणाले, "तीन वर्षं कॉलेजात शिकलीस त्यापेक्षा हे बरं झालं." कॉलेजवर हा अन्याय आहे, पण मी काही बोलले नाही.

दुसरी कामाची गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी रुजू झालेली एक मुलगी कँटीनमध्ये भेटली आणि तिने आम्हाला सीटीसी, म्हणजे कंपनी एका माणसावर वर्षाला करते तो एकूण खर्च, उलगडून दाखवला. साडेचार लाखांचं पॅकेज म्हटलं की आपण बारानं भागून महिना साडेसदतीस हजार धरतो. तिने वहीच्या मागच्या पानावर मांडलं: बेसिक निम्मं, म्हणजे सव्वादोन लाख. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के, २७ हजार, तो सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, पावणेअकरा हजारांच्या वर, तीही धरलेली, आणि महिन्याच्या पगारात ती कधीच येत नाही. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, पॅकेजच्या दहा टक्के, ४५ हजार. वर्षअखेरीला मिळाले तर मिळाले. मग आपल्या वाट्याचा पीएफ पुन्हा २७ हजार आणि गुजरातचा प्रोफेशनल टॅक्स महिना २००. हातात येतात अठ्ठावीस हजारांच्या आसपास. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असते, पण ऑफर लेटर आलं की आधी हे कोष्टक बघायचं हे डोक्यात बसलं. नंतर मावसभावाचं ऑफर लेटर आलं तेव्हा पेढ्यांच्या आधी मी कॅल्क्युलेटर काढला, त्याबद्दल मावशीचा माझ्यावर अजून राग आहे.

आता तक्रारी. 'इंटर्नशिपसाठी प्राधान्य' असं स्टेजवरून सांगितलं होतं. प्रत्यक्षात सगळ्या जगाला खुली असलेली लिंकच मेलवर आली, आणि भरल्यावर उत्तर नाही. प्रत्येकाला मेंटर दिला होता. माझ्या मेंटरने दोन मेलनंतर उत्तर देणं थांबवलं. सर्टिफिकेट दीड महिन्याने आलं, त्यात आडनाव चुकलेलं. आजवर कुठल्याही मुलाखतीत ते कुणी बघायला मागितलेलं नाही.

एम.कॉम. करता करता सध्या रावपुऱ्यात एका सीएंच्या ऑफिसात अर्धा दिवस जाते. तिथे मुलाखतीत 'टूबी कधी बघितलं आहे का' एवढंच विचारलं होतं. बघितलं होतं, आणि बिल अडकलं की फोन कुणाला करायचा तेही सांगता आलं.

जायचं असेल तर दुसऱ्या वर्षाला असतानाच जा, टी. वाय.च्या परीक्षेच्या तोंडावर आठवडा जातो तो फार जाणवतो. कुठल्या विभागात बसायचं आहे ती मागणी कोऑर्डिनेटरला आधीच मेल करून टाका. धाकटी मामेबहीण यंदा एस. वाय.ला आहे, तिचा फॉर्म परवाच भरून घेतला. 'तुम्हाला काय शिकायचं आहे' या रकान्यात तिने 'लीडरशिप' लिहिलं होतं. ते पुसून 'स्टोअर्स, डिस्पॅच किंवा अकाउंट्स पेयेबलमध्ये एक पूर्ण दिवस बसायचं आहे' असं लिहायला लावलं. तिला मार्केटिंग हवंय, त्यामुळे घरी गेल्यावर तिने ते पुन्हा बदललं नसेल याची खात्री नाही.