८५० वॉटचा नवा पॉवर सप्लाय, ओव्हरक्लॉक आणि १२ व्होल्टची रेल: काही महिन्यांच्या वापरानंतर

पीसीचा जुना ६५० वॉटचा पॉवर सप्लाय काढून हा ८५० वॉटचा लावला त्याला आता बरेच महिने झालेत. स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहितीयेत, ते परत लिहीत नाही. मला बोलायचंय ते १२ व्होल्टच्या रेलबद्दल, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डला वीज देणाऱ्या सप्लायच्या लाइनबद्दल, कारण घेण्याआधी जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे एफिशियन्सीचा बिल्ला (८० प्लस) गोल्ड की प्लॅटिनम यातच अडकलेले.

आधी जुन्याची कथा. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने, ५ गिगाहर्ट्झवर, प्राइम९५ (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी टेस्ट) तासन्‌तास चालायचं, एकही एरर नाही. पण गेम लावला की मधेच पीसी खटकन बंद. ब्लू स्क्रीन नाही, हँग नाही, थेट अंधार. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ हा एरर, आणि तो फक्त एवढंच सांगतो की विंडोज नीट बंद झालं नव्हतं, का ते नाही. जो तो म्हणे कोअर व्होल्टेज (प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज) वाढव. वाढवून बघितलं, तापमान तेवढं वाढलं. कोअर व्होल्टेज कमी पडतं तेव्हा बहुतेक वेळा ब्लू स्क्रीन येते किंवा टेस्टमध्ये एरर येतात, लोडखाली असं एकदम मरणं म्हणजे संशय आधी सप्लायवर घ्यायचा.

मग मल्टिमीटर काढला. मोलेक्सच्या (जुन्या चार पिनांच्या प्लगच्या) पिवळ्या १२ व्होल्टच्या वायरवर एक प्रोब, काळ्यावर दुसरा. डेस्कटॉपवर १२.०८. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हीवर एकदम लोड टाकला आणि आकडा डोळ्यासमोर घसरत ११.४४ वर आला. एटीएक्स, म्हणजे पीसी सप्लायचे ठरलेले नियम, त्यांच्या जुन्या २.x आवृत्तीत खालची मर्यादा ११.४०. म्हणजे कागदावर पास! आणि त्याच वेळी मदरबोर्डचं सॉफ्टवेअर ११.९ दाखवत होतं, त्यामुळे त्या आकड्यावर कृपया कुणी विसंबू नका.

वॉरंटीत दिला तर सर्व्हिस सेंटरने छोट्या टेस्टरला लावला आणि 'सर्व व्होल्टेज ओके' असा शेरा मारून परत पाठवला. अहो, लोडच नाही तर कुठला सप्लाय नापास होणार? हे समजावता समजावता डोकं फिरलं. शेवटी मित्राच्या लॅबमधल्या ऑसिलोस्कोपवर लोडखाली रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक थरथर, मोजला, नियमाप्रमाणे प्रोबशी १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावून, बँडविड्थ २० मेगाहर्ट्झ ठेवून. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंत चालतो, हा त्याच्याही वर जात होता. तो फोटो पाठवल्यावर मुकाट्याने बदलून दिला. पण तोपर्यंत मी हा नवा घेतला होता.

नव्यावर तोच लोड, तीच वायर, ११.९६. बंद पडणं थांबलं, ते आजतागायत. सुरुवातीला मी इतका खूश होतो की वाटलं आता आणखी १००-२०० मेगाहर्ट्झ आरामात मिळतील. नाही मिळाले. प्रोसेसर जिथे अडत होता तिथेच अडतो, व्होल्टेजही तेवढंच लागतं. विचार केला तर बरोबरच आहे, प्रोसेसरला १२ व्होल्ट थेट जात नाहीत, मदरबोर्डवरचं व्हीआरएम (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) त्याचे सव्वा-दीड व्होल्ट करतं आणि बरीचशी घाण तिथेच गाळली जाते. म्हणून 'चांगला सप्लाय म्हणजे जास्त क्लॉक' असं कुणी सांगितलं तर मी आता मानणार नाही. जो क्लॉक आहे तो लोडचा झटका आल्यावरही टिकतो, पैसे त्याचे. ग्राफिक्स कार्ड काही मायक्रोसेकंदांसाठी सरासरीच्या दोन-तीन पटीपर्यंत वीज ओढू शकतं. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये सप्लायने रेटिंगच्या २०० टक्के लोड १०० मायक्रोसेकंद झेलावा असं आलं. आणि ८० प्लसचा बिल्ला एफिशियन्सीचा आहे, रिपलबद्दल तो काहीच सांगत नाही, हे बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापायला हवं.

मध्यंतरी ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केलं तर ड्रायव्हर क्रॅश व्हायला लागला. सप्लायला शिव्या घालणार तेवढ्यात जीपीयू-झेडमध्ये (ग्राफिक्स कार्डचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) कार्डाच्या ८-पिन पॉवर सॉकेटचं व्होल्टेज बघितलं, लोडवर ११.६. सप्लायपाशी मात्र ११.९ च्या वर! मग मधले कुठे गेले? केबलमध्ये. बॉक्समध्ये दिलेल्या एकाच केबलला दोन ८-पिन टोकं आहेत, दोन्ही कार्डात खोचली की ३०० वॉटपर्यंतचा भार एकाच केबलवर. प्रत्येक सॉकेटला वेगळी केबल ओढली, व्होल्टेज ११.८ झालं आणि तोच क्लॉक तेव्हापासून शांत चालतोय. एवढा महाग सप्लाय बनवता आणि वर ही दुहेरी केबल देऊन सगळ्यावर पाणी ओतता, याचा मला खरंच राग आहे. कार्डाला तिसरं ८-पिन असतं तर वेगळ्या केबलाच पुरल्या नसत्या. आणि जुन्या सप्लायची मॉड्युलर (सप्लायपासून सुटी होणारी) केबल चुकूनही यात लावू नका, प्लग बसला तरी सप्लायकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक वेगळी असते, हार्ड डिस्कपासून सगळं जळू शकतं.

फॅनचा आवाज नाही, कमी लोडवर तो फिरतच नाही. सप्लाय ठेवणार आहे. कंपनीकडे एकेरी टोकाची केबल मागितलीये, अजून उत्तर नाही, आलं की इथेच टाकतो.