पोकर सेट: चिप्स झकास, पत्ते सादळले, सोबतच्या कागदाने नारळ खवायला लावले

श्रावणात ऑनलाइन मागवला. तीनशे चिप्स, पत्त्यांचे दोन कॅट, अ‍ॅल्युमिनियमची पेटी, सव्वातीन हजार रुपये. गणपतीत आमच्या गुहागरच्या घरी चाकरमानी जमतात आणि आरती-जेवण उरकलं की ओटीवर डाव बसतो. आजवर तीन पत्ती आणि रमी. यंदा डोंबिवलीच्या पुतण्याच्या हट्टाने टेक्सास होल्डेम, म्हणजे पोकरचाच एक प्रकार. पैसे लावत नाही. हरेल त्याने सकाळी मोदकांचे नारळ खवायचे.

चिप्सबद्दल तक्रार नाही. जाहिरातीत प्रत्येकी ११.५ ग्रॅम लिहिलंय, ते खोटं वाटलं म्हणून सोनाराच्या काट्यावर दहा टाकल्या. ११४ भरल्या. पत्ते मात्र कागदी! भाद्रपदात आमच्याकडे पापड डब्याबाहेर काढेपर्यंत सादळतो, तिथे यांचं काय होणार? दुसऱ्या रात्री पिसताना पानं चिकटू लागली, तिसऱ्या रात्री बदामराणीचा कोपरा असा उचलला की ती कुणाकडे आहे ते पाठीवरूनच कळायचं. प्लास्टिकचे पत्ते वेगळे घ्या. पेटीच्या कड्या लोखंडी निघाल्या, खाऱ्या हवेने दसऱ्यापर्यंत गंजल्याही.

खरा राग आहे तो पेटीतल्या नियमांच्या कागदावर. त्यात एक सल्ला: हातात जोडी आली की बिनधास्त खेळा. तीन पत्तीत मुरलेल्या माणसाला हे लगेच पटतं, कारण तिथे तीनच पानं आणि जोडी म्हणजे छाती फुगवायची गोष्ट. इथे दोन पानं हातात, पाच मध्ये उघडी, सगळ्यांची सामाईक. मला पंज्यांची जोडी आली, मी फुगलो. मध्ये राणी, दश्शी, तिर्री. पुतण्या चिप्स सारतोय, मी भरतोय, शेवटच्या पानापर्यंत. त्याच्याकडे राजा-राणी. "काका, जोडी दिसली की तुम्ही लगेच अक्षता घेऊन उभे," म्हणाला. ओटीवर सगळे हसले, वहिनी आतून हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने गणित मांडलं. हातात पंज्या असताना मधल्या पहिल्या तीन पानांत पंजीपेक्षा मोठं एकही पान नाही, असं शंभरात दोनदाही होत नाही. तिसरी पंजी पडून ट्रेल (हे लोक सेट म्हणतात) लागायची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ डावांत एकदा. म्हणून दुर्रीपासून छक्कीपर्यंतची जोडी स्वस्तात बघायची आणि ट्रेल नाही लागला, वर कोणी मोठी चाल केली, की पानं टाकायची.

स्वस्तात म्हणजे किती, हे पेटीतल्या चिप्सवरच अवलंबून निघालं. चिप्सवर आकडे नाहीत. आम्ही सहा जणांनी पन्नास-पन्नास वाटून प्रत्येक चिप एक धरली होती. समोरच्याने सहा लावले की एकदा ट्रेल लागेपर्यंत साडेसात वेळा ते घालवायचे, म्हणजे ४५ गेल्या. ट्रेल लागला तरी त्याच्याकडून फार तर ५० मिळणार, आणि तो त्या सगळ्या देतोय कशाला! मग पांढरी एक, लाल पाच, निळी दहा ठरवली. प्रत्येकाला १५ पांढऱ्या, १५ लाल, ११ निळ्या, एकूण २००. आता तेच सहा भरून बघायला परवडतं. सेट घेतलात तर पहिल्याच रात्री हे करा, कागदावर यातलं काही नाही.

तेव्हापासून छोट्या जोड्या मी मुकाट टाकतो. मेहुणे म्हणतात, भाऊजींचा खेळ बेचव झाला. विसर्जनाच्या आदल्या रात्री मात्र दुर्रीची जोडी, दोन भरून बघितली, तिसरी दुर्री पडली. सगळं लावलं. पुतण्याकडे अठ्ठ्यांचा ट्रेल. नारळ सात होते. त्याचा दोष सेटला देत नाही.