गाउटसाठी ॲलोप्युरिनॉल की फेबुक्सोस्टॅट?

आखाडातल्या मटण-बिअरनंतर पायाचा अंगठा सुजून लाल झाला, म्हणजे गाउटचा झटका आला, की पुण्यात आधी तूरडाळ बंद होते. बिचारी डाळ! दोष असतो सांध्यात साचलेल्या युरिक ॲसिडच्या स्फटिकांचा, आणि ते बहुतेकदा मूत्रपिंडाने पुरेसे बाहेर न टाकल्याने वाढते.

ते उतरवायला दोन गोळ्या. ॲलोप्युरिनॉल साधारण रोज १०० मिग्रॅने (मूत्रपिंड अधू असल्यास ५०ने) सुरू करून दर काही आठवड्यांनी रक्त तपासत वाढवतात. रक्तातील युरिक ॲसिडची पातळी ६ मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली यायला अनेकांना ३००हून जास्त लागते. गफलत इथेच होते: १००वरच वर्षभर थांबायचे आणि ‘गुण येत नाही’ म्हणायचे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

फेबुक्सोस्टॅट ४० मिग्रॅने सुरू, गरजेनुसार ८०. मूत्रपिंडाच्या मध्यम आजारातही डोस सहसा बदलावा लागत नाही, ही सोय मोठी. पण हृदयविकार असलेल्यांसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९मध्ये ठळक इशारा दिला. म्हणून आमचा कौल आधी ॲलोप्युरिनॉलला. ते सोसले नाही तर दुसरी.

ॲझाथायोप्रिन (रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध) चालू असेल तर दोन्ही टाळाव्यात.

सुरुवातीला स्फटिक विरघळताना झटके उलट वाढू शकतात, म्हणून ३ ते ६ महिने कमी डोसात कोल्चिसिन (झटके रोखणारे औषध) जोडतात. झटक्यातही रोजची गोळी सोडू नये.