रेल्वेच्या फोटोंच्या प्रिंट विकायच्या आहेत? सातारा-सांगलीकरांसाठी वाटांची तुलना

पुणे-मिरज मार्गावर वर्षानुवर्षं गाड्या टिपणाऱ्यांच्या हार्ड डिस्कमध्ये असे फोटो पडून आहेत जे आता पुन्हा काढता येणार नाहीत. डोक्यावर तार नाही, शेजारी दुसरा रूळ नाही आणि धूर ओकत आदर्कीचा घाट चढणारं डिझेल इंजिन. विद्युतीकरण आणि दुहेरीकरणानंतर त्याच वळणावर आज खांब आणि तारा आडव्या येतात. प्रिंट विकून चार पैसे मिळवायचे असतील तर सुरुवात या जुन्या साठ्यापासून करा. सप्टेंबर 2024 पासून धावणाऱ्या पुणे-कोल्हापूर आणि पुणे-हुबळी वंदे भारतचे फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. ते लाइक मिळवतात, पण त्यासाठी कुणी भिंतीवर जागा करत नाही.

विकायच्या वाटा मुख्यतः तीन: लॅबमधून प्रिंट काढून स्वतः विकणं, प्रिंट-ऑन-डिमांड (मागणी आल्यावरच प्रिंट काढून पाठवणाऱ्या) संकेतस्थळावर फोटो ठेवणं, आणि कॅलेंडर छापणं. चौथी वाट स्टॉक एजन्सीची, म्हणजे फोटो वापरायचे हक्क विकणाऱ्या संस्थेची, पण ती या तुलनेत धरलेली नाही. तिथे ठरावीक स्थानकाची ठरावीक गाडी शोधणारं गिऱ्हाईक क्वचित येतं.

आधी फाइल तपासा

वाट कुठलीही निवडा, पहिली अडचण फाइलचीच येते. 12×18 इंची प्रिंट 300 पीपीआयने (इंचाला 300 पिक्सेल) काढायला 5400×3600 पिक्सेल लागतात. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची 6000×4000 ची फाइल त्याला पुरून उरते. 16×24 ला तीच फाइल 250 पीपीआय देते, तेही चालतं. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो मात्र साधारण 1600 पिक्सेलवर येतो, म्हणजे जेमतेम पाच इंच. मूळ फाइल हरवली असेल तर तो फोटो विक्रीच्या यादीतून काढा.

दुसरा घोळ शटरचा, म्हणजे फोटो टिपायला लागलेल्या वेळेचा. ताशी 100 किमीने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते, म्हणजे 1/1000 सेकंदात 2.8 सेंमी. बाजूने काढलेल्या फोटोत 20 मीटरचं इंजिन फ्रेमभर असेल तर 6000 पिक्सेलवर एक पिक्सेल म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या आत. तेव्हा इंजिन आठेक पिक्सेल फराटलेलं असतं. मोबाइलच्या पडद्यावर हे दिसत नाही, 12×18 वर इंजिनाचा क्रमांक वाचताना लगेच दिसतं. समोरून तिरकस काढलेल्या फोटोत हा फराटा कमी पडतो, म्हणून जुन्या साठ्यातले बहुतेक विकाऊ फोटो त्याच कोनातले निघतात. एप्रिल-मेच्या दुपारी लांब लेन्सने काढलेल्या फोटोंत रुळावरची तापलेली हवा थरथरते. ते शार्पन करून सुधारत नाही.

फोटो पडद्यावर 100 टक्के मोठा करून तीन ठिकाणी पाहा: इंजिनाचा क्रमांक, हेडलाइटभोवतीचा पांढरा डाग आणि डब्यांच्या खिडक्यांच्या कडा. तिन्ही ठिकाणी ठीक असेल तरच पुढे जा.

वाट पहिली: लॅब, फ्रेम आणि ओळखीचं गिऱ्हाईक

सांगली, मिरज, कराड, साताऱ्यात लग्नाच्या अल्बमची कामं करणाऱ्या लॅब आहेत. त्यांच्याकडे फोटो पेपरवरची 12×18 ची प्रिंट सहज निघते. अडचण त्यांच्या सवयीची आहे. मशीनवरचं ऑटो करेक्शन माणसांच्या चेहऱ्यासाठी लावलेलं असतं. ते चालू राहिलं तर पावसाळी आदर्कीचं राखाडी आभाळ पांढरं होतं आणि डब्यांचा निळा जांभळटतो. "करेक्शन न करता काढा" हे ऑर्डरवर लिहून द्या, फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या, आणि मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच फोटोची 4×6 इंची चाचणी काढून उन्हाच्या उजेडात बघा. प्रिंट काळपट आली तर दोष बहुधा लॅबचा नसतो. आपला लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसवर असतो आणि त्यावर पाहून आपण फोटो गडद ठेवलेला असतो.

कागद मॅट किंवा सिल्क घ्या. चकचकीत प्रिंट काचेला टेकवून फ्रेम केली की एक-दोन पावसाळ्यांत ती काचेला चिकटते आणि सोडवताना रंग उचलला जातो. मधे माउंटची पट्टी, म्हणजे प्रिंट काचेपासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, हवीच. पाटण-महाबळेश्वरकडच्या ओल धरणाऱ्या भिंतींसाठी फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बुटं लावा, मागून हवा खेळती राहते.

हिशेब उदाहरणानं पाहू. हे दर नमुन्याचे आहेत, तुमच्या लॅबचे त्या जागी घाला. 12×18 ची प्रिंट 180, माउंट, फ्रेम आणि ॲक्रिलिक 620, पॅकिंग 120, कुरिअर 200, एकूण 1120. विक्री 1800 ला केली तर 680 उरतात. दहात एक फ्रेम वाटेत फुटते असं धरलं तर नगामागे 112 गेले, हाती 568. तीच प्रिंट फ्रेमशिवाय नळीत घालून पाठवली तर प्रिंट 180, नळी 60, टपाल 90, म्हणजे 330. ती 750 ला विकली तर 420 उरतात. गुंतवणूक एक तृतीयांशाहून कमी आणि फुटण्याची भीती नाही. म्हणून बाहेरगावी फक्त नळी पाठवा. फ्रेम द्यायची ती मिरज-सांगली-कराड-सातारा पट्ट्यात, स्वतःच्या हातानं.

आता गिऱ्हाईक. या भागात सर्वांत भरवशाचं गिऱ्हाईक रेल्वेतलंच आहे. मिरज रेल्वेचं गाव. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज हे तिन्ही रूळ एके काळी इथे एकत्र होते. इथल्या घरांत दोन-दोन पिढ्या लोको पायलट, गार्ड, स्टेशन मास्तर, पॉइंट्समन म्हणून राबलेल्या आहेत. निवृत्तीला सहकारी वर्गणी काढून भेट देतात, आणि त्या माणसानं चालवलेल्या इंजिनाचा फोटो मिळाला तर शाल-श्रीफळाच्या पलीकडचं काहीतरी त्याच्या घरी जातं. रेल्वेत निवृत्ती महिन्याच्या अखेरच्या दिवशी असते, म्हणून ऑर्डरची मुदत पक्की असते. किमान दहा दिवस आधी फोटो ठरवून घ्या, निम्मी रक्कम आगाऊ घ्या. माउंटवरचा मजकूर (नाव, हुद्दा, रुजू झाल्याची आणि निवृत्तीची तारीख) ऑर्डर देणाऱ्याकडून लिहून घ्या, त्याचा फोटो त्यालाच परत पाठवा आणि "बरोबर" असं उत्तर आल्यावरच छापा. नावातल्या एका वेलांटीपायी अख्खी फ्रेम पुन्हा करावी लागते.

हे जमायचं तर फोटो शोधता आला पाहिजे. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, ठिकाण, गाडी क्रमांक आणि इंजिन क्रमांक या क्रमानं घाला, उदाहरणार्थ दिनांक_आदर्की_11029_इंजिनक्रमांक. "कोयना एक्सप्रेसला लावलेलं अमुक नंबरचं इंजिन आहे का?" या प्रश्नाला पाच मिनिटांत उत्तर देणारा माणूस ऑर्डर मिळवतो. दहा हजार फोटोंना नावं द्यायला महिना लागेल. हा महिना घालवायची तयारी नसेल तर ही वाट धरू नका.

ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्याचा चेहरा ओळखू येत असेल तर त्याच्या होकाराशिवाय ती प्रिंट विकू नका. आपल्याला आवडलेली त्याची एखादी मुद्रा त्याच्या नोकरीला अडचण ठरू शकते.

वाट दुसरी: प्रिंट-ऑन-डिमांड

इथे भांडवल लागत नाही, हीच मोठी जमेची बाजू. संकेतस्थळ मूळ किंमत ठरवतं, वर तुमचा हिस्सा चढतो. मूळ 2500 असेल आणि तुम्ही 20 टक्के लावले तर तुमचे 500. त्यातून पैसे वळते करण्याचे आकार जातात आणि ठरावीक रक्कम साठेपर्यंत पैसे अडकून राहतात. परदेशी संकेतस्थळावरून भारतात मागवणाऱ्याला वाहतूकखर्चच डोईजड होतो. त्यामुळे कराडचा माणूस तिथून कराडच्या गाडीचा फोटो घेणार नाही. घेतलाच तर बाहेरदेशी स्थायिक झालेला एखादा सांगलीकर किंवा अल्को या जुन्या डिझेल इंजिनांच्या नादी लागलेला रेल्वेप्रेमी घेईल.

कॅमेऱ्याची फाइल 3:2 ची असते. 16×20 सारखा आकार चालू ठेवलात तर लांबीचा सहावा हिस्सा कापला जातो, आणि गाडीच्या फोटोत तो नेमका इंजिनाच्या नाकावर नाहीतर शेवटच्या डब्यावर येतो. असे आकार बंद करा, 12×18, 16×24, 24×36 एवढेच ठेवा. कॉफीचे मग, कप, टी-शर्टही बंद करा. रेल्वेचं बोधचिन्ह ठळक दिसणारा फोटो अशा वस्तूंवर छापणं नसती कटकट ओढवून घेणं आहे.

ही वाट दुकानाची पाटी म्हणून ठेवावी. तीस-चाळीस निवडक फोटो, प्रत्येकाच्या शीर्षकात स्थानकाचं आणि गाडीचं नाव. घर चालेल असं उत्पन्न त्यातून धरू नये.

वाट तिसरी: कॅलेंडर

सर्वांत मोहाची आणि सर्वांत जास्त पैसे बुडवणारी. समजा ए-थ्री आकाराचं, बारा महिने आणि मुखपृष्ठ, शंभर प्रती, नगाला 220. म्हणजे 22,000 आधीच छापखान्यात गेले. 400 ला विकलं तर 55 प्रती खपल्यावर मुद्दल सुटतं. उरलेल्या 45 वर नफा, पण जानेवारीचा पंधरवडा उलटला की त्या रद्दी. मराठी घरात स्वयंपाकघराशेजारी तिथी आणि सणवाराचं कॅलेंडर लागतं, ती जागा तुम्हाला मिळत नाही. शिवाय पतसंस्था आणि दुकानं फुकट वाटतात.

त्यांच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा त्यांनाच विका. एखादी पतसंस्था किंवा कारखाना 100 प्रती स्वतःच्या नावानं घेत असेल तरच छापा. फोटो ऑगस्टमध्ये निवडा, नमुना सप्टेंबरात दाखवा, कारण दिवाळीआधी त्यांचा निर्णय झालेला असतो. अशा ऑर्डरला ओळखीची जागा हवी: अंकलीजवळचा कृष्णेवरचा पूल, ताकारी-किर्लोस्करवाडीकडे उसाला तुरे आलेले असताना जाणारी गाडी, पावसातली आदर्की. बारांपैकी आठ फोटोंत गाव ओळखू आलं पाहिजे. इंजिनाचे जवळून काढलेले फोटो तुम्हाला आवडतात, पतसंस्थेच्या सभासदाला नाही.

परवानगी आणि कर

रुळावर, पुलावर, बोगद्याच्या तोंडाशी विनापरवाना जाणं रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक छायाचित्रणाला लेखी परवानगी लागते. आपला भाग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतो, जनसंपर्क विभागाकडे विचारणा करा. नवे फोटो विक्रीसाठीच काढायचे असतील तर सार्वजनिक रस्त्यावरून किंवा मालकाला विचारून त्याच्या रानातून काढा. आणि कुणाच्या जुन्या अल्बममधला नॅरोगेजचा फोटो स्कॅन करून विकू नका. प्रिंट तुमच्या हातात आहे म्हणून त्याचे हक्क तुमचे होत नाहीत.

जीएसटीची एक बाब पहिल्या वाटेवाल्यांनी आधीच समजून घ्यावी. राज्यातल्या राज्यात माल विकताना 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण परराज्यात करपात्र माल पाठवला की एका प्रिंटसाठीही लागते. सांगलीकरांना हे लवकर आडवं येतं, कारण मिरजेच्या रेल्वे कुटुंबांची निम्मी नाती बेळगाव-हुबळीकडे आहेत आणि ते कर्नाटक आहे. दुसऱ्या वाटेत प्रिंट संकेतस्थळ विकतं, तुम्हाला फोटोची रॉयल्टी मिळते, त्यामुळे तिचा हिशेब वेगळा बसतो. बेळगावची पहिली ऑर्डर घेण्याआधी कर सल्लागाराकडे एक चक्कर मारा, आणि तोवर त्या गिऱ्हाइकाला संकेतस्थळाचा दुवा द्या.