वडगावातलं माजी नगरसेवकांचं सेवा कार्यालय: कशासाठी जावं, काय घेऊन जावं

बेळगावच्या वडगावात यंत्रमागांचा आवाज अजून ऐकू येतो अशा एका गल्लीत, दोन वेळा नगरसेवक राहिलेल्या गृहस्थांचं सेवा कार्यालय आहे. भागातले लहानथोर त्यांना अण्णा म्हणतात, इथेही तेवढंच पुरे. पेन्शन, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, घरपट्टी, पडलेल्या घराची भरपाई, तुंबलेली गटार, यापैकी काहीही असो, अर्ज करण्याआधी एकदा इथे कागद दाखवून घ्यावेत. काम फुकट होतं. कुणाच्या नावाची चिठ्ठी किंवा साहेबांना फोन हवा असेल तर मात्र इथे वेळ घालवू नये, ते इथे मिळत नाही.

अण्णांचं घर मागवाल्यांचं. तरुणपणी विणकर सोसायटीत कारकुनी केली, त्यामुळे कन्नड अर्ज, ठराव आणि जाबजबाब यांची सवय हाताला लागली. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या पिढ्यांना नेमकी तीच अडचण येते. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तर महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं अल्पसंख्याकांसाठीच्या तरतुदींत आहे. प्रत्यक्षात पावती, नोटीस, अर्ज नाकारल्याचं कारण, सगळं कन्नडमध्ये हातात पडतं. इथे त्या कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने दोन ओळी मराठीत लिहून देतात: काय कमी आहे आणि कुठल्या तारखेच्या आत द्यायचं आहे. पेन्सिलच वापरतात, कारण शाईने लिहिलेला कागद पुढच्या टेबलावर चालत नाही.

नंतर वॉर्ड राखीव झाला आणि अण्णांचं पद गेलं, कार्यालय मात्र सुरूच राहिलं. याचं मोल ज्यांना समजायचं त्यांना त्या मधल्या काळात समजलं. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. ५८ वॉर्डांची निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली, तीही पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हांवर, आणि महापौर निवडायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. तेवढी वर्षं गटारीची तक्रार घेऊन जायला अधिकारी होते, पण हक्काने जाब विचारणारा सभासद नव्हता. त्या दिवसांतही हे टेबल रोज मांडलेलं असायचं.

कामाची पद्धत साधी आणि काटेकोर आहे. लाल पुठ्ठ्याची एक जाड वही असते. तिच्यात तारीख, आधारवर आहे तसंच नाव, मोबाईल, काम, अर्जाचा नंबर आणि शेवटच्या रकान्यात पुन्हा कधी बघायचं ती तारीख लिहितात. अर्ज करून आलात आणि नंबर आणला नाही तर नोंदच होत नाही, माघारी पाठवतात. थोडं कडक वाटेल, पण बरोबर आहे. 'सकाल' हा सरकारी सेवा वेळेत देण्याचा कर्नाटकचा कायदा, त्याखालच्या सेवेला मुदत असते. ती उलटली तर दिवसाला २० रुपयांप्रमाणे, जास्तीत जास्त ५०० रुपयांपर्यंत भरपाई मागता येते, आणि हे सगळं पावतीवरच्या नंबरावर चालतं. नंबर नसला की तुमचा अर्ज आला होता याला पुरावाच राहत नाही.

त्याआधी होते नावांची तपासणी, आणि या कार्यालयाची खरी कामगिरी हीच. आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक आणि शाळेचा दाखला टेबलावर ओळीने मांडून एकेक अक्षर ताडून बघतात. आपल्याकडे नाव मराठीतून कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जातं. ज्ञानेश्वर एका कागदावर 'डी-एन-वाय'ने सुरू होतो, दुसऱ्यावर 'जी-एन'ने आणि तिसऱ्यावर 'जे-एन'ने. लग्न झालेल्या बाईचं आधार सासरच्या नावाचं आणि पासबुक माहेरचं, हे तर घरोघरी. अशी तफावत दिसली की अर्ज भरत नाहीत. आधी काय दुरुस्त करायचं तो क्रम लिहून देतात: सहसा आधार, मग बँक, शेवटी रेशन कार्ड. उलट क्रमाने गेलात तर तेच काम दोनदा करावं लागतं.

पेन्शन आणि गृहलक्ष्मीच्या तक्रारी सगळ्यात जास्त. पासष्टी ओलांडलेल्यांना संध्या सुरक्षा या पेन्शन योजनेत महिन्याला १,२०० रुपये, विधवा पेन्शन ८०० आणि कुटुंबप्रमुख बाईला गृहलक्ष्मीचे २,०००. पैसे थांबले की लोक पासबुक घेऊन बँकेत जातात आणि तिथे 'आधार लिंक आहे' असं ऐकून परत येतात. लिंक असणं वेगळं आणि एनपीसीआयचं, म्हणजे बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या संस्थेचं, मॅपिंग वेगळं. सरकारी पैसा मॅपिंग असलेल्या खात्यातच पडतो, आणि आधार सगळ्यात शेवटी ज्या बँकेत मॅप झालं तीच बँक धरली जाते. नातवाने मोबाईलवर नवीन खातं काढून दिलं असेल तर आजीची पेन्शन तिकडे जमा होत राहते. कार्यालयातला मुलगा आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग, म्हणजे आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते, बघून बँकेचं नाव तिथल्या तिथे सांगतो. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल सोबत हवा, ओटीपी त्यावरच येतो. घरातली कुटुंबप्रमुख बाई वारली असेल तर गृहलक्ष्मीचा अर्ज आधी होत नाही. रेशन कार्डावर प्रमुख बदलून घ्यावी लागते.

भाडेकरूंनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गृहज्योती या वीजबिलाच्या योजनेत २०० युनिटपर्यंतची सवलत आधार आणि मीटरचा आरआर नंबर (बिलावरचा ग्राहक क्रमांक) यांच्या जोडीवर मिळते. घर बदललं तर जुना आरआर नंबर सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर डी-लिंक केल्याशिवाय नव्या घराचं बिल शून्य होत नाही. जुन्या घराचं एखादं बिल जपून ठेवलंत तर हे काम लगेच होतं.

विद्यार्थ्यांसाठी उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, काढायचा असतो. दाखल्यावरचा आरडी नंबर शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर टाकला की नाव आपोआप दिसतं, आणि ते आधारशी जुळलं नाही की अर्ज तिथेच अडतो. उत्पन्नाचा दाखला पाच वर्षं चालतो, म्हणून कार्यालयातल्या वहीत संपण्याचं वर्षही लिहून ठेवतात. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांना सीमाभागातला उमेदवार म्हणून 'टाइप-ई'मधून अर्ज करता येतो. त्यासाठी गाव महाराष्ट्राने दावा केलेल्या वादग्रस्त ८६५ गावांत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. तो निकालानंतर काढायला गेलात तर प्रवेशाची फेरी हातची जाते. अण्णा बारावीच्या परीक्षेआधीच पालकांना बोलावून घेतात. इतकं वेळेवर सांगणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत.

ऑगस्ट २०१९ च्या पावसात वडगाव, खासबाग, शहापूर भागात मातीच्या भिंतींची घरं पडली. तेव्हा सरकारने घरांची तीन गटांत नोंद केली: पूर्ण पडलेल्या 'ए' घराला पाच लाख, 'बी'मध्ये पाडून नव्याने बांधणाऱ्याला पाच आणि दुरुस्ती करणाऱ्याला तीन लाख, किरकोळ नुकसानाच्या 'सी'ला पन्नास हजार. तातडीची मदत दहा हजार होती. घर कुठल्या गटात पडलं यावर सगळं ठरलं. ज्यांनी पंचनाम्याआधी ढिगारा उचलला त्यांच्या घराचं नुकसान कागदावर कमी दिसलं. ज्यांच्या घराचं खातं, म्हणजे मालकीची नोंद, वारलेल्या आजोबांच्या नावावरच होतं, त्यांचे हप्ते वारसांच्या संमतीपायी अडकले. पाया, छत अशा एकेका टप्प्याचा फोटो जागेवरून अपलोड झाल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नव्हता, आणि बांधकाम मध्येच थांबलेल्यांचे पैसेही थांबले. त्या वेळी अण्णा आणि गल्लीतली पोरं दारोदार फिरून ढिगाऱ्याचे चारी बाजूंनी फोटो काढत होती. घरपट्टीची पावती फोटोत दिसेल अशी हातात धरायला लावत, म्हणजे घर कुणाचं याचा वाद नको. आजही पावसाळ्यापूर्वी मातीच्या घरात राहणाऱ्यांना ते दोन गोष्टी सांगतात. खात्यावर वारस लावून घ्या, आणि उभ्या घराचे आजच फोटो काढून ठेवा. हा सल्ला प्रत्येकाने मानावा.

गटारी आणि नाल्याच्या तक्रारींत यश कमी. बळ्ळारी नाल्याचं पाणी येळ्ळूर रोड आणि वडगाव-शहापूर शिवारात दर पावसाळ्यात भातात शिरतं. गाळ आणि जलपर्णी काढण्याचा अर्ज इथून जातो, पण ते काम एका कार्यालयाच्या आवाक्यातलं नाही. पथदिवा, फुटलेली पाइप, उघडं चेंबर अशा तक्रारी मात्र लवकर सुटतात, कारण अर्जात खांबाचा नंबर किंवा जवळच्या घराचा नंबर असतोच. घरपट्टी एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सूट मिळते. त्या महिन्यात इथे चलन भरून द्यायला वेगळं टेबल लावतात.

दवाखान्याच्या कामात अण्णा पैशांची मदत करत नाहीत, कागदाची करतात. बीपीएल कुटुंबाला आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण तातडीचं नसेल तर आधी सरकारी रुग्णालयाचं रेफरल हवं. खासगीत भरती झाल्यावर कार्ड काढलं की बिल अंगावर येतं. म्हणून ऑपरेशन ठरलं की ॲडव्हान्स भरण्याआधी इथे यावं.

आता उणिवा. कन्नड नीट लिहू शकणारी माणसं दोनच, अण्णा आणि तो मुलगा. दोघांपैकी एक नसला की काम निम्म्यावर येतं. मूळ कागद ठेवून घेतले तर पावती देत नाहीत. आजवर काही हरवल्याचं ऐकिवात नाही, तरी ही पद्धत बदलायलाच हवी. तोवर मूळ कागद हातातून सोडू नका, झेरॉक्स द्या. शेतजमिनीची फोड, वाटणी, हद्द यांत ते पडत नाहीत आणि तसं पहिल्याच दिवशी सांगतात. कार्यालय माडीवर आहे आणि जिना उभा, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांचे हाल होतात. खालून हाक मारली तर मुलगा वही घेऊन उतरतो, पण हे नव्या माणसाला कसं कळावं? खाली पाटी हवी. बायकांना मोकळेपणी बोलता येईल अशी एखादी कार्यकर्तीही हवी. विधवा पेन्शनच्या अर्जात घरातल्या गोष्टी सांगाव्या लागतात आणि भरल्या खोलीत त्या सांगवत नाहीत.

सकाळी कचेऱ्या उघडण्याआधीचे दोन तास आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर अण्णा स्वतः भेटतात. सोमवारी गर्दी फार, बुधवार-गुरुवार बरे. गणपतीच्या दिवसांत मंडळांच्या परवानग्यांची धांदल असते, तेव्हा पेन्शनचं काम काढू नये. सोबत घरातल्या सगळ्यांचे आधार, रेशन कार्ड, ताजी नोंद केलेलं पासबुक, घरपट्टीची शेवटची पावती, दोन फोटो आणि आधारला जोडलेला मोबाईल चार्ज करून न्यावा. आधी एखादा अर्ज बाद झाला असेल तर तो कन्नड कागद सगळ्यात वर ठेवा, अण्णा तोच आधी मागतात.