फ्यूज उडतोय: बल्ब, मीटर, इलेक्ट्रिकवाला की सरळ नवं वायरिंग?

धोपाव्याला फेरीबोटीतून उतरलो, रस्त्याला लागायला हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि मोटरसायकल गप्प. इंडिकेटर नाही, हॉर्न नाही, सेल्फ नाही. आठवड्यातला तिसरा फ्यूज. जेटीवर उभ्या असलेल्या चौघांनी चौकशी न करता निदान केलं: "खारं पाणी गेलं असणार." मीही दोन आठवडे तेच धरून बसलो होतो.

कोकणात गाडीचं काहीही बिघडलं की खाऱ्या हवेच्या नावावर टाकायची सवय आहे. पण खारी हवा सहसा फ्यूज उडवत नाही. पितळेच्या पातेल्यात राहिलेलं ताक कळकतं, तसं कपलरमधलं, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या खटक्यातलं, तांबं हिरवं पडतं आणि करंट अडतो. मग लाईट मंद होतो, हॉर्न घोगरा वाजतो, सेल्फ नुसता टकटक करतो, फ्यूज मात्र शाबूत. फ्यूज उडायला करंट जास्त व्हावा लागतो. तो होतो सोललेली वायर चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकली की (हाच शॉर्ट), नाहीतर वरून लाईटं वाढवली की. म्हणून खर्च कशावर करायचा ते ठरवण्याआधी तक्रार कुठली ते बघा: फ्यूज उडतोय, की फ्यूज धड असून करंट पोचत नाहीये? जुन्या गाडीत काचेचा फ्यूज असेल तर तो हातात घ्या. काच काळी पडली असेल तर सरळ शॉर्ट, नुसती तार मधे तुटली असेल तर बहुधा लोड जास्त झालाय.

उडणाऱ्या फ्यूजसाठी माझं मत बल्बला. इंडिकेटरचा जुना 21 वॅटचा बल्ब, दोन वायरी आणि एक उडालेला फ्यूज. वायरी फ्यूजच्या दोन पायांना सोल्डरचा डाग देऊन जोडायच्या आणि तो फ्यूज त्याच्याच जागी खोचायचा. आता गाडीचा करंट बल्बमधून जातो. कितीही शॉर्ट असला तरी दोन अँपिअरच्या आत राहतो, त्यामुळे शोधाशोधीत डझनभर फ्यूज जळत नाहीत. चावी ऑन केल्यावर बल्ब मिणमिणला तर तो नेहमीचा लोड. भक्कन पूर्ण पेटला तर शॉर्ट. मग एकेक कपलर सोडवत जायचं. ज्याच्यानंतर बल्ब मंदावेल, तिकडच्या वायरीत दोष.

संध्याकाळी पडवीत गाडी उभी करून हे केलं. बल्ब मिणमिणता होता. हँडल उजवीकडे नेलं, तसाच. डावीकडे टोकाला नेलं आणि पडवीचा कोपरा उजळला. टाकी काढली तर हँडलखालच्या मानेजवळ, जिथे वायरिंगचा जुडगा वळतो, तिथे प्लॅस्टिकचा टाय वायरीत रुतला होता आणि तांबं उघडं पडून चासीला घासत होतं. तो टाय मीच आवळला होता, गणपतीत फॉगलाईट लावताना. समुद्राचा काही संबंध नव्हता.

बल्बची मर्यादाही सांगतो. 2020 नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, फ्यूजच्या जागी बल्ब घातला तर गाडी चालू होणार नाही, आणि ईसीयूच्या कपलरमध्ये टेस्ट लॅम्पची सुई खुपसणं म्हणजे विकतचं दुखणं. शिवाय शॉर्ट फक्त खड्ड्यातून पळताना होत असेल तर उभ्या गाडीवर बल्ब तो नेमका दाखवेलच असं नाही.

मल्टिमीटर मला तीन-चारशे रुपयांत मिळाला. शॉर्ट शोधायला तो बल्बइतका सोयीचा वाटत नाही, पण इथल्या नेहमीच्या तक्रारी, म्हणजे करंट न पोचणं आणि बॅटरी बसणं, त्यानेच सुटतात. उभ्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे अर्धी. रेस दिल्यावर 13.5 ते 14.5 यायला हवं. वर चढलंच नाही तर चार्जिंग नाही. 15 च्या पुढे गेलं तर चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेक्टिफायर गेलाय, बल्ब का उडतात ते तिथेच कळतं. अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हचा गाडीच्या धातूशी असलेला जोड, बघायचं तर मीटरची काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर अर्थिंगचा बोल्ट काढून घासायचा.

मीटर फसवतो तो असा: कळकलेल्या वायरीत एकच तार उरली असली तरी तो ऐटीत 12 व्होल्ट दाखवतो, आणि त्याच वायरीवर बल्ब लावला तर पेटत नाही. म्हणून माप घेताना लाईट किंवा हॉर्न चालू ठेवायचा. लाल सळई अँपिअरच्या भोकात विसरून बॅटरीला लावू नका. माझ्या मीटरचा फ्यूज तसाच गेला, म्हणजे फ्यूज शोधताना फ्यूज घालवला.

इलेक्ट्रिकवाल्याकडे कधी जायचं? इंजेक्शनची गाडी असेल, चार्जिंगचा करंट तयार करणाऱ्या मॅग्नेट कॉइलचा संशय असेल किंवा फक्त चालत्या गाडीत फ्यूज जात असेल, तर घरी वेळ घालवू नका. जाताना "फ्यूज उडतो" एवढंच सांगू नका. ब्रेक दाबल्यावर जातो? मागच्या मडगार्डखालची टेललाईटची वायर बघायला सांगा. हँडल वळवल्यावर? मान. वीस मिनिटं चालल्यावर? वाढवलेल्या लाईटांचा लोड. एवढ्या माहितीने तासाभराची मजुरी वाचते. आणि गाडी परत घेताना फ्यूजचा रंग बघा. पट्टीच्या फ्यूजमध्ये लाल 10 चा, निळा 15 चा, पिवळा 20 चा, हिरवा 30 चा. लालच्या जागी पिवळा दिसला तर त्याने दोष शोधला नाही, लपवलाय. आता शॉर्ट झालाच तर फ्यूजआधी वायर तापेल, तीही पेट्रोलच्या टाकीखाली. उडालेल्या फ्यूजला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांनाही हेच लागू.

नवं वायरिंग हा सगळ्यात महाग आणि बहुतेक वेळा अनावश्यक उपाय. कुठलीही एक वायर वीतभर आत सोलून बघा. तिथेही तांबं काळं असेल तर खार वायरीच्या पोटात गेलाय, जोड देत बसण्यात अर्थ नाही. पावसाळाभर खोपीत उभ्या गाडीची वायर उंदरांनी चार ठिकाणी कुरतडली असेल तेव्हाही बदला. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरासारख्या पुरात बुडालेल्या गाडीलाही मी नवंच घालीन. एरवी नाही. बदललंच तर कंपनीचं घ्या. स्वस्त किटात तांबं बारीक निघतं.

माझं काम वायरीच्या बोटभर तुकड्यात, डाग आणि स्लीव्ह देऊन झालं. फॉगलाईटला बॅटरीवरून वेगळा रिले (बटणाच्या छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा खटका) आणि वेगळा फ्यूज दिला. मानेजवळ टायऐवजी सायकलच्या ट्यूबचा तुकडा सैल गुंडाळलाय, आणि बल्ब दोन लाल फ्यूजांसोबत सीटखाली पडून आहे.