टाचदुखी: मालिश, व्यायाम की इंजेक्शन?

वडगावात मागावर दिवसभर उभी असणारी माझी आत्ती सकाळी भिंत धरून चालते. "पहिलं पाऊल टेकलं की खिळा घुसल्यागत होतंय बघ." दहा-पंधरा पावलांनी जरा सैल पडतं. टाच अशी दुखत असेल तर बहुधा तळव्याचा फॅशिया कुरकुरतोय. मटण साफ करताना पांढरट चिवट पापुद्रा निघतो ना, त्याच जातीची ही संयोजी ऊती, म्हणजे शरीराचे भाग एकमेकांना बांधून ठेवणारी. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत गेलेला जाड पट्टा. एक्स-रेत 'हाड वाढलंय' दिसलं तरी घाबरू नका. टाच कधी न दुखलेल्या कितीतरी जणांनाही ते असतं.

मालिश स्वस्त, सुखाची. त्यानं फॅशिया 'मोकळा' होतो म्हणतात ते मात्र मला पटत नाही. तो पट्टा अंगठ्याच्या दाबाला दाद देण्याइतका लेचापेचा नाही. बरं वाटतं म्हणून करा.

माझं मत व्यायामाला. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, बोटं धरून नडगीकडे ओढायची. तळव्यात ताणलेली दोरी हाताला लागली की बरोबर. 10 अंक मोजायचे, असं 10 वेळा, दिवसातून 3 वेळा. पहिली खेप पाय जमिनीला लावायच्या आधी! आत्ती चहा टाकून मग करायची, म्हणजे मुद्द्याची वेळ गेलेली. पुढं जिन्याच्या पायरीवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा सावकाश वर-खाली करायच्या, दिवसाआड. खोट एकच, चिकाटी लागते. पंधरा दिवसांत काही कळत नाही, महिने जातात.

स्टेरॉइडचं इंजेक्शन लवकर गुण देतं, पण तो काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. घरात लग्न तोंडावर आलंय आणि पाऊल टेकवत नाही, तर घ्यावं. वारंवार घेतलं तर पट्टा फाटायची, टाचेखालची चरबीची गादी झिजायची भीती असते. मधुमेह असेल तर आधी सांगा, साखर काही दिवस चढते. खानापूरकडच्या माणसाला इंजेक्शनसाठी बेळगावची खेप, म्हणजे एक दिवसाची हजेरीही गेली.

टाच सुजली, बधिर झाली किंवा रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल तर यातलं काहीच न करता आधी डॉक्टर.

आत्ती आता मागाजवळ सिमेंटवर अनवाणी उभी राहत नाही, जाड रबरी चप्पल घालते. इंजेक्शनचं दिवाळीनंतर बघू म्हणते.